नावेची चावी परत द्या : पुराचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना कृष्णाकाठावरून खुले पत्र

सन्माननीय साहेब,

हे पत्र नेमकं कुणाच्या नावे लिहावं यात माझे दोन दिवस गेले. महसूल, पाटबंधारे, जिल्हा परिषद, आपत्ती व्यवस्थापन कक्ष असे तुम्ही सगळे पुराच्या वेळी एका टेबलाभोवती बसता आणि पाणी ओसरलं की आपापल्या इमारतीत परतता. मग एकाला लिहिलं की तो दुसऱ्याचं दार दाखवतो. म्हणून सगळ्यांना मिळून हे एकच पत्र. उघड लिहितेय, कारण बंद पाकिटातून दिलेल्या तीन अर्जांच्या पोचपावत्या माझ्याकडे आहेत, उत्तर एकाचंही नाही.

आमच्या गावची नाव गेल्या पावसाळ्यापासून पत्र्याच्या शेडमध्ये साखळीला बांधून ठेवली आहे. नोंदणी आणि तपासणी न झालेल्या नावा गावानं चालवू नयेत, असा आधी तोंडी निरोप आला, मागून कागद आला. कुलूप लागलं आणि चावी तालुक्याला गेली. नोंदणी कुठं करायची असं विचारलं तर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवलं. तपासायला कोण येणार, तर 'कळवू'. बदल्यात यांत्रिक बोट देऊ असं बैठकीत सांगितलं होतं. ती बोट अजून यायची आहे.

या आदेशामागचं कारण मला कळतं आणि मी ते हलकं मानत नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून बाहेर पडणाऱ्या माणसांनी भरलेली नाव उलटली. बायका, लेकरं, म्हातारी माणसं गेली. नावेत झेपतील त्याहून जास्त माणसं होती. आजही कृष्णाकाठी हा विषय निघाला की बोलणारा मधेच गप्प होतो. पण साहेब, माणसं अशी दाटीवाटीनं का बसतात? पुढची फेरी होईल याचा भरवसा नसतो म्हणून. त्या दिवसातून तुम्ही 'गावची नाव धोक्याची' एवढंच उचललंत. आम्ही वेगळं शिकलो. नाव पाण्यात घालायची वेळच येऊ द्यायची नाही, आणि आलीच तर एकीला दोन असाव्यात.

मी आमच्या पूर समितीची नोंदवही सांभाळते. ही समिती कुणाच्या परिपत्रकामुळे झाली नाही. २०१९ ला आमची आम्हालाच लाज वाटली, त्यातून ती झाली. सांगलीला आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. त्या वर्षी तिथं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आणि पाणी चढत असताना आमच्या गल्लीतली माणसं पायरीवर बसून २००५ चा पूर कुठवर आला होता यावर पैजा लावत होती. "पाच साली उंबऱ्याला लागलं नव्हतं, आता कुठं येतंय?" माझे सासरे त्यांतलेच. २००५ च्या खुणेवर विसंबून आम्ही सामान माळ्यावर चढवलं आणि सामानाबरोबर आम्हीही माळ्यावर अडकलो. दीड दिवस. गोठ्यातल्या म्हशीचं दावं सोडायचं राहून गेलं होतं. तिचा आवाज थांबल्यावर सासऱ्यांनी कानावरचे हात काढले. पुढं वर्षभर ते गोठ्याकडं फिरकले नाहीत.

तेव्हा समिती काय करते ते जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या आराखड्यात आमच्या गावापुढं संपर्कासाठी ज्यांचं नाव आहे ते गृहस्थ वारून तीन वर्षं झाली.

गावाचे आम्ही उंचसखलपणाप्रमाणे सात भाग पाडले. वॉर्डाप्रमाणे नाही, पाणी मतदार यादी बघून शिरत नाही. कुठल्या भागात पाणी आधी येतं हे विचारत फिरलो. पुरुष म्हणाले नदीकडून. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, मागल्या दारानं, ओढ्याकडून. बायकांचं खरं निघालं. नदी भरली की ओढ्याचं पाणी पोटात घेत नाही, फूग मागं सरकते आणि गावाला पाठीकडून वेढा पडतो. घरात पाणी शिरायच्या आधीच बाहेर जायचा रस्ता बुडतो. म्हणून आमची पहिली मोजपट्टी नदीवर नाही, ओढ्याच्या मोरीवर आहे. कठड्याला तीन पट्टे रंगवलेत. पिवळ्याला पाणी टेकलं की जनावरं हलवायची. केशरीला टेकलं की आजारी माणसं, गरोदर बायका, बाळंतिणी, म्हातारी. लालच्या आत उरलेलं गाव.

माणसांच्या आधी जनावरं, हे ऐकून तुमच्यातल्या एका साहेबांना बैठकीत हसू आवरलं नव्हतं. पण दावणीला जनावर आहे तोवर शेतकरी घर सोडत नाही, हात जोडा की पोलिस आणा. म्हैस माळावर पोचली की मालक तिच्या वैरणीची काळजी करत आपोआप मागनं जातो, त्याला समजावत बसावं लागत नाही. आम्ही माळावरच्या दोन शेतकऱ्यांशी आधीच बोलून ठेवलंय. शेड त्यांचं, वैरण ज्याची त्यानं न्यायची, राखण पाळीनं. कागद केलेला नाही. पाच वर्षांत एकदाही कागदाची गरज पडली नाही.

नोंदवहीत घरटी एक पान. घरात कोण डायलिसिसला जातं, कुणाचं इन्सुलिन फ्रीजमध्ये असतं, कुणाला उचलूनच न्यावं लागतं आणि उचलणारे दोघं कोण, त्यांची नावं. ती नावं त्याच गल्लीतली. उचलणारं पोरगं पुण्याला कामाला लागलं की पान बदलायचं. मृगाच्या आधी एकदा आणि आषाढी झाली की एकदा, मी आणि बचत गटाच्या चार जणी घरोघर फिरून वही तपासतो. गॅसची टाकी कुठं ठेवणार, दाखले-पासबुकं कुठल्या पिशवीत आहेत, हेही विचारतो. पिशवी दाखवल्याशिवाय उठत नाही, त्यामुळे काही घरांत आमचा चहा बंद झालाय.

२०२१ च्या जुलैत, म्हाताऱ्या पावसात म्हणजे पुष्य नक्षत्रात, याची परीक्षा झाली. जनावरं दोन दिवस आधी माळावर गेली होती. केशरी पट्टा बुडायच्या आत उचलून न्यायची सगळी माणसं हायस्कूलच्या इमारतीत होती. रात्री रस्ता बंद झाला तेव्हा मागं राहिली ती हट्टानं थांबलेली काही घरं. त्यांच्यासाठी नाव घातली. चार फेऱ्या, दर फेरीला सहा माणसं, मोजून. सातवा चढायला लागला तर आमचा नावाडी वल्हं खाली ठेवून शांत बसायचा. त्या पुरात आमच्या गावात माणूस गेला नाही, दावणीला जनावर मेलं नाही. कुठल्याही अहवालात हे आलेलं नाही, कारण पंचनाम्याला न झालेलं नुकसान दिसत नाही.

आमचं सगळं बरोबर होतं असं नाही. पहिल्या वर्षीच्या बैठका चावडीत झाल्या आणि ओढ्याकाठच्या वस्तीला त्यांचं बोलावणंच गेलं नाही. सगळ्यांत आधी बुडणारी घरं त्यांची आणि यादीत सगळ्यांत शेवटी तीच. वस्तीतल्या एका मुलीनं तोंडावर विचारलं, "ताई, आमचं पान कितवं?" तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. भाड्यानं राहणारी कुटुंबंही अशीच सुटली होती, कारण घराचं पान मालकाच्या नावानं होतं. आता वस्तीतल्या दोघी समितीत आहेत आणि बैठक तिकडंच होते. हे सांगते ते यासाठी, की गावाच्या हातात सगळं द्या आणि डोळे मिटा, असं माझं म्हणणं नाही. गावातही चावडी आणि वस्ती असते. तुम्ही नियम घातलात तर असा घाला, की ज्यांची घरं आधी बुडतात त्यांच्याशिवाय समिती धरलीच जाणार नाही. नावेला कुलूप लावण्यापेक्षा तो नियम जास्त माणसं वाचवेल.

आता तक्रारी.

पहिली तुमच्या निरोपांबद्दल. 'कोयना धरणातून इतके क्युसेक विसर्ग सुरू, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.' तासाभरानं वारणेचा असाच एक निरोप. सतर्क राहावं म्हणजे काय करावं? क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, एवढं मी शिकून घेतलं. पण दोन्ही धरणांचं पाणी मिळून आमच्या मोरीच्या कुठल्या पट्ट्याला, किती वाजता लागेल, हे मला कसं कळणार? मधल्या खोऱ्यात पडलेला पाऊस तर दोन्ही निरोपांत नसतो. ते गणित पाटबंधारेकडे आहे. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. या रेषांवर आमची बांधकामं अडवली जातात, मात्र कुठल्या विसर्गाला कुठली गल्ली ओली होते हे त्या नकाशावरून गावाला कुणी समजावलेलं नाही. धरणातून सोडलेलं पाणी दारात यायला वेळ लागतो. आमची सगळी पुंजी तो वेळ आहे, आणि तो 'सतर्क राहावे'चा अर्थ लावण्यात जातो.

याला फार मोठं तंत्र लागतं असंही नाही. आसामात धेमाजी जिल्ह्यात जियाढाल नदीवर काठमांडूच्या इसिमोड आणि गुवाहाटीच्या आरण्यक या संस्थांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन वरच्या अंगाला पाण्याची पातळी टिपणारं साधं यंत्र बसवलं. ते सांभाळायला तिथलाच माणूस. पाणी वाढलं की त्यानं खालच्या गावांतल्या ठरलेल्या माणसांना फोन करायचा. २०१४ ला त्या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या हवामान यंत्रणेचा पुरस्कार मिळाला. आमच्याकडं वरच्या अंगाला कोयनेसारखं १०५ टीएमसीचं धरण आहे, नदीवर मोजणी केंद्रं आहेत, अधिकारी आहेत. नाही तो फक्त गावाच्या भाषेतला फोन.

दुसरी प्रशिक्षणाबद्दल. 'आपदा मित्र' योजना २०१६ ला देशातल्या ३० पूरप्रवण जिल्ह्यांत, जिल्ह्यामागं २०० स्वयंसेवक अशी सुरू झाली. पुढं ती ३५० जिल्ह्यांत आणि एक लाख स्वयंसेवकांपर्यंत नेली. १२ दिवसांचं शिक्षण, साहित्याचा संच, विमा. योजना चांगलीच आहे. पण आमचा नावाडी वयाच्या अटीत बसला नाही. तीस वर्षं या पाण्यात वल्हं मारलेला माणूस बाहेर आणि ज्याला घेतलं ते पोरगं आता चाकणच्या कारखान्यात. संचही त्याच्याबरोबर गेला की कपाटात आहे, कुणाला ठाऊक नाही. शिकवायचं तर पुरात गावातच असणाऱ्या माणसांना शिकवा. त्यांत बायका जास्त निघतील. बांगलादेशात १९७० च्या चक्रीवादळानंतर किनाऱ्यावर स्वयंसेवकांची जी फळी उभी राहिली ती आज पाऊण लाखाच्या पुढं आहे आणि तिच्यात निम्म्या बायका आहेत.

तिसरी मदतीच्या नियमांबद्दल, आणि ही मला सगळ्यांत खुपते. २०१९ ला मोफत धान्याच्या आदेशात घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असण्याची अट होती. तिच्यावरून राज्यभर गदारोळ झाला. पण मूळ रीत तीच राहिली. मदत बुडण्याला आहे, वेळेत हलण्याला नाही. आमचा शेजारी दरवर्षी केशरी पट्ट्याआधी ट्रॅक्टर भाड्यानं घेऊन सामान, वैरण, जनावरं माळावर नेतो. भाडं त्याच्या खिशातून. त्याच्या घरात पाणी आलं तरी पंचनाम्यात लिहायला काही उरत नाही. पलीकडचा शेवटपर्यंत थांबतो, त्याला बाहेर काढायला बोट येते, फोटो येतो, यादीत नाव येतं. सांगा, पुढच्या वर्षी शेजाऱ्यानं का हलावं?

चौथी कायद्याबद्दल, थोडक्यात सांगते. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा जिल्ह्याला प्राधिकरण देतो. जिल्हाधिकारी अध्यक्ष, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. कलम ४१ नं स्थानिक संस्थांवर जबाबदाऱ्या टाकल्या आहेत. २०२५ च्या दुरुस्तीनं महापालिकांच्या शहरांना स्वतंत्र प्राधिकरणाची सोय केली. गावची पूर समिती मात्र कायद्याच्या लेखी कुणीच नाही. म्हणून तिची नाव बेकायदा ठरते, तिची वही अनधिकृत ठरते आणि पाणी आलं की फोन मात्र तिलाच येतो, "ताई, गावात किती माणसं राहिलीत?"

पैशाचं म्हणाल तर पंधराव्या वित्त आयोगानं राज्याच्या आपत्ती निधीत १० टक्के वाटा पूर्वतयारी आणि क्षमता वाढवण्यासाठी सांगितला होता आणि २० टक्के धोका कमी करण्याच्या कामांसाठी. यातलं काठावरच्या एकेका गावापर्यंत काय पोचलं, तो हिशेब मला ग्रामसभेत वाचून दाखवायचा आहे. आमच्या मोरीवरच्या रंगाचा खर्च बचत गटानं केला.

खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची वाढवण्याचा वाद मला माहीत नाही असं समजू नका. तिथं पाणी ५१९.६ मीटरपर्यंत अडवायचं की ५२४.२५६ मीटरपर्यंत, हे आकडे आता आमच्याकडच्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. तो लढा लढायलाच हवा. नदीपात्रातली अतिक्रमणं, महामार्गाचे भराव, यावरही बोलायला हवं. पण दोन राज्यांचं भांडण मिटेपर्यंत आमची म्हैस दावणीला थांबणार नाही.

केरळात २०१८ च्या ऑगस्टमध्ये मच्छीमारांनी आपल्या होड्या ट्रकवर घालून पुरातल्या गावांत नेल्या आणि हजारो माणसं बाहेर काढली. तिथल्या सरकारनं होडीमागं दिवसाला ३,००० रुपये आणि इंधन जाहीर केलं, मोडलेल्या होड्यांची जबाबदारी घेतली. लोकांची होडी सरकारनं आपली मानली. आमच्याकडं गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून पूर पार करणारी माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. नाव बंद केलीत तर माणसं पुन्हा काहिलीत बसतील. काहिलीची नोंदणी कुणी मागत नाही.

आमच्या मागण्या साध्या आहेत. मृगाच्या आधी एक जाणकार माणूस गावात पाठवा. त्यानं नाव तपासावी, तळ-फळ्या बघाव्यात, किती माणसं बसवायची तो आकडा नावेच्या कडेवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यावा आणि नाव योग्य ठरली तर चावी समितीच्या हातात द्यावी. अयोग्य ठरली तर तसं लिहून द्यावं आणि दुसरी नाव आणून मगच ही मोडीत काढावी. नावेत चढणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट असेल इतकी जॅकेटं द्या. त्यांत लहान मुलांच्या मापाचीही हवीत, २०२१ ला आम्ही मोठ्यांची पट्टे बांधून पोरांना घातली होती. नावाड्याला आणि आणखी तिघांना, वय न बघता, गावातच शिकवा.

पाटबंधारेच्या अभियंत्यांनी एक दिवस आमच्या मोरीवर यावं आणि तीन पट्ट्यांना विसर्गाचे आकडे जोडून द्यावेत. पुढचा निरोप 'आज रात्री केशरी' असा आला तर गावाला अर्थ विचारावा लागणार नाही. पूर समित्यांना ग्रामसभेच्या ठरावानं मान्यता मिळेल आणि जिल्हा आराखड्यात त्यांची नोंद दर मे महिन्यात ताजी होईल असा आदेश काढा. त्यात आधी बुडणाऱ्या वस्त्यांच्या जागा राखून ठेवा. आणि इशारा पातळीच्या आत घर, जनावरं हलवणाऱ्या कुटुंबाला ट्रॅक्टर-टेम्पोच्या भाड्याइतकी रक्कम द्या, पंचनाम्याची वाट न बघता. समितीच्या वहीतली तारीख पुरावा म्हणून धरा. वही तपासायला केव्हाही या, मी पान उघडून ठेवते.

यातलं काय होईल आणि काय होणार नाही, हे लेखी कळवा. 'नाही' आलं तरी चालेल, त्याप्रमाणे आम्हाला आमची तयारी बदलता येईल.

कळावे,

पूर समितीची नोंदवही सांभाळणारी,
कृष्णाकाठ

ता. क. शेडच्या कुलपाची दुसरी चावी आम्ही करून घेतलेली नाही. गावात चावीवाला आहे.